नेटवर्क कोणत्या स्तरावर अडले आहे, हे कसे शोधावे: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

नागपुरात नेटवर्किंगचे काम शिकू लागलेल्या बहुतेकांना नेटवर्कच्या सात स्तरांची यादी अगदी सुरुवातीलाच पाठ करावी लागते, आणि परीक्षेत ती लिहून झाली की तिचे काम संपले असे वाटू लागते. पुढे सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानातून किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमधून "नेट चालत नाही" असा फोन येतो, तेव्हा जवळ टेस्टर असतो, लॅपटॉप असतो, पण सुरुवात कुठून करायची हे ठरत नाही. मग राउटर बंद-चालू केला जातो, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, कधी कधी तर विंडोजच नव्याने टाकली जाते. खरे पाहता ती यादी नेमकी अशाच वेळी हाताशी घ्यायची असते. प्रत्येक स्तराने आपल्या वरच्या स्तराला एक ठरावीक हमी दिलेली असते, आणि ती हमी पाळली जात आहे की नाही एवढेच त्या स्तरावर तपासायचे असते. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने, खालून वर जाणारे आहे. ते वाचताना समोर विंडोजचा एक संगणक, एक स्विच, एक राउटर आणि दोन-तीन पॅच कॉर्ड असतील तर प्रत्येक पायरी तिथल्या तिथे करून पाहता येईल.

आराखडे दोन का आहेत

१९७० च्या दशकात संगणक एकमेकांना जोडण्याची सोय प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्रांपुरती केली होती. आयबीएमची एसएनए ही रचना १९७४ मध्ये आली आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीची डेकनेट त्यानंतरच्या वर्षी. पण एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी सहजासहजी बोलत नसे. ही कोंडी फोडण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७७ मध्ये काम हाती घेतले आणि १९८४ मध्ये ओएसआय हा सात स्तरांचा आराखडा मानक म्हणून प्रसिद्ध केला. दरम्यान अमेरिकेत विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेतून टीसीपी/आयपी आकाराला आले होते, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे जाळे त्यावर चालू लागले. सात स्तरांचे मानक छापून येण्याआधीच दुसरी पद्धत प्रत्यक्ष वापरात आली होती. तिच्या स्तरांची मांडणी १९८९ च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात चार स्तरांत केलेली आहे: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि अ‍ॅप्लिकेशन.

यांपैकी बरोबर कोणता, हा प्रश्न शिकणाऱ्याने मनातून काढून टाकावा. आज तारांवरून धावणारे प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम, टीसीपी/आयपीचे आहेत, तर बोलण्यातले क्रमांक ओएसआयचे आहेत. बाजारात "लेयर टू स्विच" किंवा "लेयर थ्री स्विच" मागितला जातो तेव्हा हे आकडे ओएसआयच्या यादीतून आलेले असतात. ती यादी खालून वर अशी आहे: भौतिक, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि अ‍ॅप्लिकेशन. दुरुस्तीच्या कामात खालचे चार स्तर वेगवेगळे ओळखता आले आणि वरचे तीन एकत्र धरले, तरी बहुतेक कामे नीट पार पडतात.

नियम एवढाच लक्षात ठेवावा की कोणताही स्तर फक्त आपल्या खालच्या स्तराकडून सेवा घेतो, वरून आलेला मजकूर उघडून न पाहता त्याला आपली माहिती जोडतो आणि पुढे देतो. या नियमामुळेच ऑफिसमधली तार काढून वायफाय लावले तरी ब्राउझर बदलावा लागत नाही.

एका शब्दाचा प्रवास, बाइट मोजून

धरमपेठेतल्या एका ऑफिसमधल्या संगणकावरून "नागपूर" हा शब्द दुसऱ्या संगणकाकडे पाठवायचा आहे असे समजू. संगणकाच्या दृष्टीने या शब्दात सहा चिन्हे आहेत: न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून शब्द झाला १८ बाइटचा. हे काम प्रेझेंटेशन स्तराचे आहे. ते दोन्ही टोकांना सारखे झाले नाही, तर शब्द सुखरूप पोहोचूनही पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसतात.

हे १८ बाइट ट्रान्सपोर्ट स्तराकडे आले की टीसीपी त्यांच्यापुढे किमान २० बाइटचे शीर्ष जोडते. त्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पोर्ट क्रमांक (संगणकातला नेमका प्रोग्राम ओळखणारा आकडा; स्विचवरच्या पोर्टशी याचा संबंध नाही) असतो, आणि हा मजकूर एकूण प्रवाहात कितव्या बाइटपासून सुरू होतो तो क्रमांकही असतो. नेटवर्क स्तरावर आयपी आणखी किमान २० बाइट जोडते. त्यात दोन्ही टोकांचे आयपी पत्ते असतात, आणि इथपर्यंतच्या गठ्ठ्याला पॅकेट म्हणतात. डेटा लिंक स्तरावर इथरनेट पुढे १४ बाइट आणि मागे ४ बाइट जोडते; या पूर्ण गठ्ठ्याला फ्रेम म्हणतात. मागचे ४ बाइट तपासणीचे असतात: वाटेत एखादा बिट उलटला तर घेणाऱ्याकडे हिशेब जुळत नाही आणि ती फ्रेम टाकून दिली जाते. सगळे मिळून झाले ७६ बाइट. कामाचा मजकूर त्यात १८ बाइटचाच आहे.

मोठी फाइल पाठवताना हे प्रमाण सुधारते. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. त्यांतून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की मजकुराला १४६० बाइट उरतात. तारेवर प्रत्येक फ्रेमआधी ८ बाइटचा इशारा जातो आणि दोन फ्रेमच्या मध्ये १२ बाइटइतकी जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून १४६० बाइटच्या मजकुरामागे तारेवर १५३८ बाइटइतका वेळ खर्च होतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल कॉपी करताना वेग ९५ च्या वर जात नाही, याचे कारण हेच आहे. आठने भागले की सेकंदाला १२ मेगाबाइटपेक्षा थोडे कमी येतात. ग्राहकाने "पूर्ण शंभर का मिळत नाहीत" असे विचारले तर हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. आपला संगणक तपासताना वायरशार्क हे मोफत साधन वापरले तर प्रत्येक पॅकेट याच क्रमाने उलगडलेले दिसते. मात्र ते मागचे ४ बाइट सहसा दाखवत नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणात ७६ ऐवजी ७२ हा आकडा दिसेल. दुसऱ्याच्या नेटवर्कवर हे साधन परवानगीशिवाय चालवू नये.

पहिली पायरी: तार, दिवा आणि क्रिम्पिंग

भौतिक स्तराची हमी एवढीच आहे की एका टोकाला दिलेला बिट दुसऱ्या टोकाला ओळखता येईल. त्यामुळे इथे आधी स्विचच्या पोर्टवरचा दिवा पाहावा. दिवा लागलाच नाही तर वरच्या कोणत्याही स्तराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पॅच कॉर्ड बदलावी, मग पोर्ट बदलावा, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी करू नयेत, म्हणजे दोष कशात होता ते कळते.

दिवा लागतो पण वेग मिळत नाही, हा प्रकार जास्त वेळ खातो, आणि त्यामागे अनेकदा क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या तारा प्लगमध्ये बसवण्याचे काम, असते. प्रचलित क्रम असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी विभागून का लावायच्या, हे न समजलेला कारागीर हिरवी जोडी तिसऱ्या-चौथ्या जागी शेजारी-शेजारी लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम बरोबर झाल्यासारखे दिसते. परंतु इथरनेट तिसऱ्या आणि सहाव्या पिनला एक जोडी मानते, आणि त्या पिनांवर आता एकमेकींभोवती न पिळलेल्या, वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा असतात. पीळ असल्यामुळे बाहेरचा व्यत्यय दोन्ही तारांवर सारखा पडून रद्द होतो. तो फायदाच इथे जातो. तार लहान असेल तर निभावते, लांब असेल तर फ्रेम गळू लागतात. टेस्टरने पास केले तरी प्लगच्या पारदर्शक बाजूने रंग डोळ्यांनी वाचावेत.

गिगाबिट जोडणीला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून गिगाबिटच्या दोन उपकरणांमध्ये जोडणी १०० वरच अडकली असेल, तर सातव्या-आठव्या किंवा चौथ्या-पाचव्या पिनची तार तुटल्याचा संशय आधी घ्यावा. तांब्याच्या तारेची एकूण मर्यादा १०० मीटर आहे, आणि ती पॅच कॉर्ड धरून आहे. आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात घ्यावा लागतो. तापमान वाढले की तांब्याच्या तारेतली सिग्नलची घट वाढते, त्यामुळे टिनाच्या छताखालून नव्वद मीटर ओढलेली केबल जानेवारीत चालते आणि मे महिन्यात कुरकुर करते. स्वस्तात मिळणारी, वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल अशा ठिकाणी घेऊच नये. दोन इमारतींच्या मध्ये तांबे ओढण्याचे टाळून फायबर टाकावी. पावसाळ्यातल्या विजांमुळे दोन्हीकडचे स्विच एका रात्रीत जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

दुसरी पायरी: स्विचच्या आतली ओळख

डेटा लिंक स्तराची हमी आहे ती एकाच जाळ्यातल्या शेजारच्या उपकरणापर्यंत फ्रेम पोहोचवण्याची. त्यासाठी प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो, आणि कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला याची नोंद स्विच स्वतःच ठेवतो. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याचे काम एआरपी करते.

एआरपीचा एक उपयोग शिकणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. समजा, शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला पिंग केले, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट पाठवले, आणि उत्तर आले नाही. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही, त्यामुळे एवढ्यावरून तो संगणक तुटला आहे असे ठरवू नये. लगेच एआरपी ही आज्ञा "ए" पर्यायासह द्यावी. यादीत त्या संगणकाच्या आयपीसमोर मॅक पत्ता दिसला, तर त्याने एआरपीला उत्तर दिले आहे, म्हणजे तार, स्विच आणि कार्ड हे सगळे शाबूत आहेत. दोष वर आहे. पाच सेकंदांच्या या तपासणीने खालचे दोन स्तर संशयातून मुक्त होतात.

याच स्तरावरचा सर्वांत जाचक दोष म्हणजे लूप. साफसफाईच्या वेळी कोणी सुटलेली पॅच कॉर्ड दिसली म्हणून तिची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचतो, आणि काही क्षणांत सगळ्या ऑफिसचे काम थांबते. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा घातलेली असते; इथरनेटच्या फ्रेमला तशी मर्यादा नाही, त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेली एक फ्रेम लूपमध्ये फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात. स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकताना दिसले तर हाच प्रकार समजावा आणि एकेक केबल काढत जावे. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केलेला स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल असे लूप ओळखून तोडतो, पण साध्या, मॅनेज न होणाऱ्या स्विचमध्ये तो नसतो. दहापेक्षा जास्त पोर्ट वापरात असतील तिथे मॅनेज होणारा स्विच घेण्याचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: आयपी पत्ता आणि बाहेरचा रस्ता

नेटवर्क स्तराची हमी अशी आहे की पॅकेट अनेक जाळी ओलांडून पत्त्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला जाईल. प्रयत्न हा शब्द महत्त्वाचा आहे; पोहोचेलच असे आयपी कधीही म्हणत नाही.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन तीन गोष्टी वाचाव्यात: आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा आहे ते सांगणारा आकडा) आणि डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता, म्हणजे सहसा आपला राउटर). पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी पुन्हा खालच्या दोन पायऱ्यांकडे जावे किंवा राउटरमधली डीएचसीपी सेवा पाहावी. काही संगणकांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे आणि काहींना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते मिळत असतील, तर जाळ्यात कोणीतरी दुसरा राउटर आणून लावला आहे आणि दोघेही पत्ते वाटत आहेत, असे बहुतेक वेळा निघते. वायफायची रेंज वाढवायला घरून आणलेला जुना राउटर हे याचे नेहमीचे कारण.

त्यानंतर क्रमाने पिंग करावे. आधी १२७.०.०.१, म्हणजे संगणकाची स्वतःची यंत्रणा. मग गेटवेचा पत्ता. मग बाहेरचा एखादा सुपरिचित पत्ता, जसा गूगलचा ८.८.८.८. गेटवे उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पुढे आहे. किती पुढे, हे ट्रेसर्ट ही आज्ञा दाखवते. प्रत्येक राउटर पॅकेटमधला टीटीएल हा आकडा एकाने कमी करतो आणि तो शून्य झाला की पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम १, २, ३ असे आकडे घालून वाटेतल्या राउटरांकडून उत्तरे मिळवते. मधल्याच एखाद्या ओळीत तारे दिसले आणि पुढच्या ओळी नीट आल्या, तर तो राउटर फक्त उत्तर देत नाही. पॅकेट पुढे जात आहे.

मिलिसेकंदांचा आकडा वाचायलाही शिकावे. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे; तेवढीच फायबर धरली तर जायला साडेतीन आणि जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्ष फायबर वळसे घेत जाते आणि वाटेत उपकरणे असतात, म्हणून खरा आकडा त्याहून मोठा येतो. मुंबईच्या समजल्या जाणाऱ्या सर्व्हरचे पिंग नागपुरातून २ मिलिसेकंद आले, तर उत्तर मुंबईहून आलेले नाही. ते जवळच्या एखाद्या सर्व्हरने दिले आहे. आणि गेटवेपर्यंतच ४० मिलिसेकंद लागत असतील, तर कंपनीला फोन करण्याआधी आपले वायफाय पाहावे.

नॅट आणि सीसीटीव्हीचा प्रश्न

आपल्या राउटरपाशी स्तरांचा नियम मोडला जातो, आणि तो जाणूनबुजून मोडलेला आहे. ३२ बिटांचे आयपीव्ही४ पत्ते जगाला पुरत नाहीत, म्हणून घरोघरी १९२.१६८ सारखे खासगी पत्ते वापरले जातात आणि पॅकेट बाहेर जाताना राउटर ते बदलून आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो; यालाच नॅट म्हणतात. उत्तर नेमके कोणत्या संगणकाचे, हे ओळखण्यासाठी त्याला पोर्ट क्रमांक वाचावा लागतो, म्हणजे तिसऱ्या स्तरावरचे उपकरण चौथ्या स्तराची माहिती उघडून बदलते. आता पुष्कळ ब्रॉडबँड कंपन्या स्वतःच्या पातळीवरही हेच करतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला दिसला, तर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळालेलाच नाही. महाल भागातल्या दुकानदाराला घरून दुकानाचे कॅमेरे पाहायचे असतील, तर अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवण्याची सोय) कितीही वेळा केले तरी उपयोग होणार नाही. एकतर कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा वापरावी. हे दुकानदाराला पैसे घेण्याआधीच सांगणे योग्य.

चौथी पायरी: पोर्ट, नकार आणि मौन

ट्रान्सपोर्ट स्तर एका संगणकातल्या एका प्रोग्रामला दुसऱ्या संगणकातल्या नेमक्या प्रोग्रामशी जोडतो. त्यातले टीसीपी आणखी पुढे जाऊन क्रम आणि पोहोच यांची हमी देते: हरवलेले पुन्हा पाठवते, उलटसुलट आलेले नीट लावते. यूडीपीचे शीर्ष अवघे ८ बाइटचे असते आणि ते अशी कोणतीही हमी देत नाही. फोनवरच्या आवाजासाठी ते सोयीचे, कारण उशिरा आलेला आवाज निरुपयोगीच असतो.

पिंगला पोर्ट नसतो, त्यामुळे पिंग चालते म्हणून सेवा चालते असे म्हणता येत नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवावी: वेबसाइटसाठी ४४३, रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९, बहुतेक नेटवर्क प्रिंटरसाठी ९१००. जोडणी झाली नाही तर ती कशी झाली नाही, हे नीट पाहावे. एक-दोन सेकंदांत स्पष्ट नकार आला, तर यंत्र जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कोणताही प्रोग्राम ऐकत नाही. सर्व्हरवर जाऊन सेवा सुरू करावी. वीसेक सेकंद काहीच न होता वेळ संपली, तर मध्ये कुठेतरी फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत आहे किंवा यंत्रच बंद आहे. या दोन लक्षणांवरून कोणत्या खोलीत जायचे ते ठरते.

आता एका चकवणाऱ्या दोषाकडे थोडे सविस्तर पाहू, कारण त्यात तीन स्तर एकमेकांत गुंतलेले असतात. तक्रार साधारण अशी येते: "पिंग येते, लॉगिनचे पान उघडते, पण फाइल अपलोड करायला घेतली की चक्र फिरतच राहते." नवीन राउटर बसवल्यानंतरच हे सुरू झाले असेल, तर फ्रेमच्या आकाराचा संशय घ्यावा. अनेक फायबर जोडण्यांवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी देणारा प्रोटोकॉल) वापरले जाते. ते प्रत्येक फ्रेममधले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. पूर्ण १५०० बाइटचे पॅकेट आले की वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि "लहान पाठवा" असा आयसीएमपी संदेश पाठवणाऱ्याला पाठवतो (आयसीएमपी हा अडचणी कळवण्याचा प्रोटोकॉल; पिंगही त्यावरच चालते). पण कोणी सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी बंद करून ठेवले असेल, तर हा संदेश पोहोचतच नाही. पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लहान पॅकेट मात्र सुरळीत जातात, म्हणून पिंग, नाव शोधणे आणि लॉगिन हे सगळे चालते.

तपासणी सोपी आहे. पिंगला "एफ" पर्याय द्यावा, म्हणजे पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई होते, आणि "एल" पर्यायाने आकार १४७२ द्यावा. आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात. हे अडले आणि १४६४ चा आकार गेला, तर वाटेत १४९२ चीच जागा आहे हे सिद्ध झाले. राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ करावा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीच्या तुकड्यांचा आकार आपोआप त्यात बसवणे) अशी सोय असेल तर ती चालू करावी. आयसीएमपी सरसकट बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये.

वरचे तीन स्तर

सेशन स्तराचे वेगळे अस्तित्व आजच्या व्यवहारात फारसे दिसत नाही. ते काम प्रोग्राम स्वतःच करतात. प्रेझेंटेशनमध्ये अक्षरांची पद्धत आणि सांकेतीकरण (एन्क्रिप्शन) येते. इथला एक दोष जुन्या संगणकांवर वारंवार भेटतो: मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग सगळ्या सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा देतात. प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते आणि संगणक ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. खालचे चारही स्तर निर्दोष असतात. तारीख नीट करून सेल बदलला की काम झाले.

अ‍ॅप्लिकेशन स्तरावर पहिली तपासणी डीएनएसची. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली ही व्यवस्था नावावरून आयपी पत्ता देते. ८.८.८.८ ला पिंग जाते पण कोणतेही नाव उघडत नाही, तेव्हा एनएसलुकअप या आज्ञेने एक नाव विचारावे. उत्तर आले नाही तर दुसरा डीएनएस सर्व्हर नमूद करून तेच नाव पुन्हा विचारावे. दुसऱ्याने दिले आणि पहिल्याने दिले नाही, तर दोषी कोण ते कळलेच. एकच वेबसाइट बंद आणि बाकी सगळ्या चालू असतील, तर तो दोष सहसा आपल्या जाळ्यात नसतो.

इथे एक सावधगिरी बाळगावी. स्तरांच्या सीमा सरकत असतात. २०२१ मध्ये मानक झालेले क्विक, ब्राउझर वापरतात तो एक नवा प्रोटोकॉल, हे यूडीपीवर चालते आणि पोहोचीची हमी व सांकेतीकरण ही दोन्ही कामे एकत्रच करते. त्यामुळे फायरवॉलमध्ये टीसीपीचा ४४३ उघडा आणि यूडीपीचा ४४३ बंद असेल, तर पाने उघडतात, कारण ब्राउझर टीसीपीवर परत येतो. पण सुरुवातीला क्षणभर अडखळल्यासारखे वाटू शकते.

कामावर गेल्यावरचा क्रम आणि तक्रारीची नोंद

शिकताना खालून वर जावे. हात बसला की मधून सुरुवात करणे जास्त सोयीचे पडते: आधी गेटवेला पिंग. ते गेले तर खालचे तीन स्तर एका झटक्यात बाजूला होतात आणि वर पाहायचे. नाही गेले तर खाली उतरायचे. एकट्या संगणकाचा दोष असेल तर त्याच्या तारेपासून, सगळ्यांचा असेल तर राउटरपासून सुरुवात करावी.

दोष कंपनीच्या बाजूला निघाला, तर तक्रार "नेट बंद आहे" अशा शब्दांत नोंदवू नये. समोरचा माणूस राउटर बंद-चालू करायला सांगेल आणि अर्धा दिवस जाईल. कोणत्या स्तरापर्यंत सर्व ठीक आहे आणि कुठून पुढे नाही, एवढे लिहावे. उदाहरणार्थ: "फायबरच्या उपकरणावर सिग्नलचा दिवा स्थिर हिरवा आहे. राउटरला बाहेरचा आयपी मिळालेला आहे. गेटवेला पिंग २ मिलिसेकंद. ट्रेसर्टमध्ये तुमच्या दुसऱ्या राउटरनंतर एकही उत्तर नाही. दोन वेगवेगळ्या संगणकांवरून, तारेने जोडून, सकाळी १०.४० आणि ११.१५ वाजता तपासले." सोबत ट्रेसर्टचा स्क्रीनशॉट जोडावा. तक्रार क्रमांक, दोष निघाला तो स्तर आणि केलेला उपाय हे तिन्ही, तारखेसह, रॅकच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्या तंत्रज्ञाला तिथूनच सुरुवात करता येते.